चौथ्या पाइपातलं तेल

सिंधु,

सप्रेम नमस्कार वगैरे लिहीत नाही. ते सोडून तू थेट पुढची ओळ वाचायला घेशील हे मला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "अक्का, मग शेवटी ठरलं काय?" जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. मी जे काय बोलले ते माझं मलाच पटलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढतेय. एकापुढं एक मांडलं की घोळ कुठं बसलाय ते तरी दिसेल.

एक अडचण आहे. "तू असं केलंस, तू तसं केलंस" म्हणत गेले तर तू दर वाक्याला मला अडवशील. समोर नसलीस तरी तुझं अडवणं मला ऐकू येतं. तेव्हा इथून पुढं तू म्हणजे सिंधु आणि मी म्हणजे नांदेडच्या अक्का. परक्या बाईची हकीकत वाचावी तशी वाच, आणि शेवटापर्यंत गप्प बस.

मुखेड संपतं तिथं रस्त्याच्या एका अंगाला पेट्रोल पंप आहे आणि दुसऱ्या अंगाला बजरंगचं शेत. बजरंग आता नाही. तीन पावसाळ्यांमागं आठवडी बाजारात उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि गेला. पण शेत, विहीर, विहिरीवरचा शेवगा, सगळं अजून त्याच्याच नावानं ओळखलं जातं. सिंधु त्याची बायको. चाळिशी ओलांडलेली, हाडापेरानं दणकट, समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारी. एकुलती मुलगी लातूरला नर्सिंग शिकते. अक्कांच्या वडिलांची जमीन सिंधुच्या बांधाला बांध लागून आहे आणि ती बटईनं सिंधुच करते. म्हणून अक्कांचं येणंजाणं.

बजरंगची विहीर जुनी, दगडानं बांधलेली. पलीकडच्या वस्तीवरची घरं तिचंच पाणी प्यायची. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यातसुद्धा या विहिरीनं तळ दाखवला नव्हता. लाइट नसायची, तेव्हा बजरंग डिझेलचं इंजिन लावून वस्तीच्या टाकीत पाणी सोडायचा आणि डिझेलचं नाव कुणाजवळ काढायचा नाही. वस्तीनं टाकीवर त्याचं नाव रंगवलं होतं, निळ्या ऑइलपेंटनं, वाकड्या अक्षरांत. माणूस गेल्यावर सिंधु रोज रानात जाता-येता ते नाव बघायची. देवळासमोर थांबतात तशी थांबायची नाही, पण मान वळायची.

दोन वर्षांमागचा पाऊस सरला आणि पाण्याला वास यायला लागला. आधी प्रत्येकाला वाटलं आपलीच घागर खराब झाली. घागरी घासून झाल्या, टाकी धुवून झाली, वास हटेना. मग एके दिवशी उन्हात विहिरीच्या पाण्यावर मोरपिसासारखा रंग तरंगताना दिसला. नांदेडहून पाणी तपासून आणलं तर त्यात डिझेल निघालं. वस्तीवर टँकर सुरू झाला.

डिझेल कुठनं आलं असेल याबद्दल सिंधुच्या मनात काही शंकाच नव्हती. रस्त्यापलीकडं पंप आहे, जमिनीत टाक्या पुरलेल्या आहेत, आणखी काय पाहिजे? ती तरातरा पंपावर गेली. पंपाचे मालक गुरुपादप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. कपाळावर भस्म, पांढरं धोतर, आवाज कधी चढवायचा नाही. बजरंगची आणि त्यांची रोजची बसउठ होती. अप्पांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला, टाक्या तपासल्याचे कागद दाखवले. टाक्यांना कुठं ओल नाही. मग जरा थांबून म्हणाले,

"वैनी, राग मानू नका. पण त्या विहिरीच्या तोंडावर इतकी वर्षं डिझेल कोण ओतत होतं?"

वाईट मनानं म्हणाले असते तर सिंधुनं तिथंच त्यांना चार शब्द सुनावले असते. पण अप्पा खरंच विचारत होते. चहा तसाच ठेवून ती उठून आली.

सिंधुला आता एकच गोष्ट पाहिजे होती. विहीर दुरुस्त व्हायला वर्षं लागोत, टँकरनं पाणी येवो, तिची ना नव्हती. फक्त आपल्या नवऱ्यानं वस्तीला डिझेल पाजलं असं कुणी म्हणू नये.

मग मुग्धा आली. नांदेडची मुलगी, जमिनीखालच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या कंपनीत कामाला. पंपाच्या तेल कंपनीनं पाठवलेली म्हणून सिंधुनं पहिल्या दिवशी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पण मुग्धा आल्या आल्या चपला काढून नांगरटीत शिरली आणि ढेकूळ हातावर चुरून हुंगायला लागली, तेव्हा सिंधुचा विचार जरा बदलला. माणसं येऊन मोजमाप करतात, नंबर टाकतात, याचं सिंधुला नवल नाही. माहेर तिचं किल्लारीचं. भूकंप झाला तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती, आणि त्यानंतरचं सगळं लहानपण तिनं कुणी ना कुणी टेप लावून काहीतरी मोजत असताना बघितलं. मोजणारा माणूस मोजून निघून जातो आणि नंबर भिंतीवर राहतो, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

मुग्धाच्या माणसांनी तिपाई उभी केली, गिरमिट लावलं आणि जागोजाग भोकं पाडायला सुरुवात केली. काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली खडक. हात-दीड हातावर माती काढायची, पिशवीत भरायची, पिशवी उन्हात ठेवायची आणि मग तिच्या तोंडात एका यंत्राची चोच खुपसायची. यंत्र मातीतला वास आकड्यात सांगायचं. वस्ती जमली. बोअर म्हटलं की आपल्याकडं एकच प्रश्न: किती इंच पाणी लागलं? मुग्धा सांगून सांगून दमली की आम्ही पाण्यासाठी खोदत नाही. लोकांना वाटलं मुलगी लपवतेय. नारळ हातावर धरून पाणी सांगणारे दगडोबा न बोलावता आले, शेतभर फिरले आणि मुग्धाच्या तिसऱ्या खुणेपाशी येऊन म्हणाले की इथं खडखडाट आहे, पैसा घालवू नका. मुग्धा म्हणाली, मला तिथंच पाहिजे. म्हातारा पुढं आठवडाभर भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होता.

भोकं पाडून झाल्यावर चार जागी पाइप उभे केले. खालच्या अंगाला बारीक चिरा पाडलेले, भोवती खडी, वर चिकणमाती आणि सिमेंट, तोंडाला लोखंडी टोपण आणि कुलूप. त्यातून पाणी काढायचं ते फक्त तपासायला. पहिला पाइप पंपाच्या टाकीजवळ, दुसरा रस्त्याच्या अलीकडं, तिसरा दगडोबांच्या खडखडाटात, आणि चौथा विहिरीच्या वरच्या अंगाला, इंजिनाच्या ओट्याजवळ. इंजिन बजरंग गेल्यावर सिंधुनं हदगावच्या मन्मथला विकलं होतं, ओटा तेवढा उरला होता.

"काकू, हा चौथा इंजिनासाठी," मुग्धानं तिला समजावलं. "यात काही निघालं नाही, तर इंजिनाकडं कुणाला बोट दाखवता येणार नाही."

त्या दिवसापासून चौथा पाइप सिंधुच्या घरातला झाला.

पहिल्या तपासणीत दुसऱ्या पाइपात डिझेल निघालं. तिसऱ्यात काही नाही. चौथ्यात काही नाही. पहिल्यात, म्हणजे टाकीला खेटून असलेल्यात, नावाला काहीतरी. हे तिथंच विचित्र होतं. टाकी गळत असेल तर सगळ्यात घाण पहिला पाइप पाहिजे. मुग्धा म्हणाली, आपला खडक भेगांचा आहे. डिझेल भेग धरून जातं, ते शेजाऱ्याला सोडून तिसऱ्या घरी जाऊ शकतं. सिंधुनं त्यातलं फक्त चौथ्याचं ऐकलं. मुग्धानं जाताना सांगितलं की आणखी एकदा असंच आलं की लिहून देता येईल, तोवर पाइपाकडं लक्ष ठेवा.

सिंधुनं लक्ष ठेवलं. गुरं तिकडं जाऊ दिली नाहीत. भोवती बोराटीची फांदी लावली. पोरांना दम दिला.

मधे येळवस आली. लातूरकडच्या लेकी जिथं जातात तिथं येळवस घेऊन जातात. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर रानात, कडब्याची कोप, तीत दगडाचे पाच पांडव, डाळी-भाज्यांची भज्जी आणि ताकातलं आंबील. अक्का दरवर्षी त्या भज्जीसाठी नांदेडहून येतात, त्याही वर्षी आल्या होत्या. पण त्या जेवायला आल्या. आदल्या दिवशीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि सगळं घडलं ते आदल्या दिवशी.

बजरंगची एक रीत होती. येळवसीच्या आदल्या दिवशी तो रानातलं लोखंड आणि लाकूड न् लाकूड जळक्या ऑइलनं पुसून घ्यायचा. व्यंकटच्या ट्रॅक्टर गॅरेजमधून डबा भरून आणायचा, शिंदीच्या फड्याचा ब्रश करायचा आणि नांगर, कुळव, फाटकाच्या बिजागऱ्या, मोटारीची पेटी, गोठ्याचे खांब, सगळ्यांना एक एक हात मारायचा. गंज लागत नाही, वाळवी चढत नाही. आणि सणाला रानातलं सगळं अंघोळ केल्यासारखं चमकलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तो गेल्यावर सिंधुनं घरातल्या बऱ्याच गोष्टी सोडून दिल्या, ही सोडली नाही. ब्रशसुद्धा त्याचाच.

त्या वर्षी तिनं चौथा पाइपही पुसला. टोपणाला एक हात, बिजागरीला एक हात, गंजून आवळलेल्या कुलपात चार थेंब. टोपणाला बारीक भोक होतं आणि त्यातून मुंग्या ये-जा करत होत्या. ते भोक पाइपातली हवा खेळती राहावी म्हणून होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत मुंग्या शिरल्या तर मुग्धाची मेहनत वाया जाईल म्हणून तिनं ब्रश बुडवून भोकावर दोन-तीनदा चांगला दाबला. मुंग्या गेल्या. पाइप काळाभोर चमकायला लागला. दुसऱ्या दिवशी शेताभोवती आंबील शिंपडताना तिनं त्यालाही शिंतोडा दिला, एवढंच अक्कांनी बघितलं आणि त्यांना गंमत वाटली.

संक्रांत उलटल्यावर मुग्धा दुसऱ्या तपासणीला आली. या वेळी अप्पांचा मुनीम महांतेश साक्षीला होता. दोन्हीकडचा माणूस हजर पाहिजे असं ठरलं होतं. चौथ्या पाइपात काचेसारखी आरपार दिसणारी नळी सोडली, वर काढली, तर पाण्यावर काळपट साय. महांतेशनं लगेच फोटो काढला.

मुग्धानं नळी उन्हाकडं धरली. "काकू, हे कुठून आलं?"

सिंधुला वास आल्याबरोबर कळलं. लग्न झाल्यापासून दर येळवसीला तो वास घरात भरलेला असायचा, बजरंगच्या हाताला तर दुसऱ्या दिवशी भज्जी खातानासुद्धा यायचा. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. समोर महांतेश उभा होता. आता ती म्हणाली असती की हे मी ओतलंय, तर तो काय समजला असता? नवऱ्याला वाचवायला बाई वाटेल ते बोलतेय. खरं सांगावं तर ते खोट्यासारखं ऐकू येणार, आणि गप्प बसावं तर खोटं खरं होणार. सिंधु वळली आणि बोराटीची फांदी सरळ करायला लागली.

तपासणीत आलं की चौथ्यातलं डिझेल नाही, त्याहून जड तेल आहे, इंजिनात घालतात तसलं. इंजिनात. हा शब्द वस्तीवर पोचायला वेळ लागला नाही. टँकरच्या रांगेत पुनम म्हणून शेजारची सून आहे, जिभेला हाड नसलेली. सिंधुची घागर पुढं आली तशी ती हसत हसत म्हणाली, "मामी, तुमच्याकडं पाणी बी हाय अन् तेल बी हाय, तुमाला टँकर कामून पाहिजे?" बाकीच्या बाया हसल्या. त्याच आठवड्यात वस्तीच्या टाकीला चुना मारला आणि नाव झाकलं गेलं. मुद्दाम झाकलं की टाकी धुतलीच होती म्हणून मारला, हे सिंधुनं विचारलं नाही. मान मात्र अजून तिकडं वळायची.

मग एका सकाळी तिनं ऑइलचा डबा ब्रशसकट जुन्या लुगड्यात गुंडाळला, पिशवीत घातला आणि नांदेडची एसटी धरली. वास एवढा की कंडक्टरनं तिला मागच्या दाराशी उभं केलं. आधी ती अक्कांकडं गेली. अक्कांनी पायरीवरच विचारलं की हे काय आणलंस, आणि सगळं ऐकल्यावर कपाळाला हात लावला. पाइपात तेल! शिकलेल्या बाईच्या तोंडून जेवढं सुनावता येईल तेवढं त्यांनी सुनावलं. सिंधु खाली बसून ऐकत होती, जे तिच्या स्वभावात नाही. शेवटी अक्कांचंच बोलणं संपलं. दोघी रिक्षानं मुग्धाच्या कचेरीत गेल्या.

मुग्धानं डबा बघितला, ब्रश बघितला. "काकू, मी पाइप सांभाळा म्हणाले होते."

"सांभाळलाच की गं माय," सिंधु म्हणाली. "उगं सोडला असता तं बरं झालं असतं."

डब्यातलं तेल आणि पाइपातलं तेल शेजारी शेजारी तपासलं. एकच होतं. सिंधुला वाटलं, सुटलो. अक्कांनाही वाटलं. पण अप्पा म्हणाले की मग दुसऱ्या पाइपात निघालं ते कुणी ओतलं नसेल कशावरून? यात चूक काय होती? एकदा पाइपात हात गेला म्हणजे सगळ्याच पाइपांवरचा भरवसा डळमळतो. मुग्धानं चौथा पाइप बुजवला आणि शेजारी नवा घातला. किल्ली, कुलूप, पाटी, सगळं नवं. सिंधुला त्याच्या सावलीलाही उभं राहायची मनाई.

नव्या पाइपात थोडंसं डिझेल निघालं. जळकं ऑइल नाही, डिझेल. जुन्या चौथ्यात पहिल्या वेळी काहीच नव्हतं, मग चार पावलांवरच्या नव्यात कसं? मुग्धानं वेगवेगळी कारणं सांगितली. उन्हाळा लागलाय, पातळी खाली गेलीय. धुवायला, गुरांना म्हणून विहिरीवर मोटार चालू असते, तेव्हा चहूबाजूचं पाणी विहिरीकडं ओढलं जातं. पंपाकडचं डिझेल असंही इथवर येऊ शकतं. किंवा ते ओट्याखालचंच असेल. अक्कांनी तिला विचारलं, दोन्हींतलं कुठलं? मुग्धा म्हणाली, ओटा खोदून बघावा लागेल.

ओटा फोडला त्या दिवशी अप्पा स्वतः आले. गिरमिट खाली गेलं. वरची वीतभर माती काळी, तेलकट. इंजिन म्हटल्यावर तेवढं ठिबकणारच. त्याच्याखाली हातभर लालसर मुरूम निघाला आणि पिशवीत यंत्राची चोच घालताच आकडा धावत सुटला. डिझेल. मुरमाच्या खाली पुन्हा काळी माती, आणि जसजसं खाली जावं तसा आकडा उतरत गेला.

मुग्धानं मुरूम हातावर घेतला. "हा इथला नाही. इथला पिवळा आहे. हा कुणी आणून टाकलाय?"

सिंधु बोलायच्या आधी अप्पा बोलले. काही वर्षांपूर्वी पंपाची जुनी पाइपलाइन काढून नवी टाकली, तेव्हा खोदलेला मुरूम पंपासमोर पडून होता. काम घेतलेला गुत्तेदार उचलायला तयार नव्हता. बजरंगला ओटा उंच करायचा होता. त्यानं ट्रॅक्टर लावला.

"मी फुकट दिला," अप्पा म्हणाले, "अन् त्यानं फुकट नेला."

सिंधुला ते आठवलं. ट्रॉली भरून आला तेव्हा बजरंग किती खूष होता. रात्री जेवताना म्हणाला होता, बघ, शेजार असावा तर असा. मुरमाला वास येत होता तेव्हा? येत असणार. पण इंजिनापाशी डिझेलच्या वासाचं कुणाला काय वाटणार. जुनी पाइपलाइन गळत होती का, हे अप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी ते शपथेवर सांगितलं, आणि सिंधुचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याचाच तिला जास्त त्रास झाला. अप्पा खोटं बोलले असते तर सगळं कसं सरळ झालं असतं.

अहवाल आला तो इंग्रजीत. अक्कांनी सिंधुच्या ओसरीवर बसून तिला मराठीत सांगितला. दुसऱ्या पाइपातलं डिझेल बहुधा पंपाच्या जुन्या लाइनचं. ओट्याखालचं डिझेल मुरमातून आलेलं असू शकतं, इंजिनाचं असू शकतं, दोन्हींचं असू शकतं. विहिरीत कुठलं किती गेलं ते सांगता येत नाही. विहीर उपसून पाणी शुद्ध करण्याचं काम तेल कंपनी करेल. सिंधुनं कागद उलटसुलट करून बघितला. मग विचारलं,

"म्हंजे त्यानं केलं का न्हाई?"

अक्का म्हणाल्या की असं एका शब्दात नसतं. डिझेल पंपाचं, ट्रॅक्टर त्याचा. बरं, इंजिन किती ठिबकत होतं ते...

"म्हंजे न्हाईच सांगता येत."

"नाही."

"तुमी येवढ्या शिकलेल्या."

अक्का रागावल्या. त्या म्हणाल्या की पंपाच्या लाइननं माझं शिक्षण विचारून डिझेल सोडलं नव्हतं. सिंधु हसली. खूप दिवसांनी. मग उठून भाकरी टाकायला गेली, आणि चुलीपुढून तिनं स्वतःच मार्ग काढला. आत्तापर्यंत इतक्या लोकांनी इतकी भोकं पाडली, पण एक गोष्ट कुणी बघितली नव्हती. इंजिन. ते अजून आहे, हदगावला मन्मथच्या रानात आहे, चालतंय. बुडाखाली कोरडा कागद ठेवायचा आणि दिवसभर चालवायचं. ठिबकलं तर ठिबकलं. न ठिबकलं तर ओट्यातलं सगळं डिझेल मुरमाचं, आणि मुरूम तर त्यानं बिचाऱ्यानं भोळेपणी आणलेला.

अक्कांनी लगेच सांगायला तोंड उघडलं होतं की इंजिन मधल्या काळात दुरुस्त झालं असेल, आज ठिबकलं नाही म्हणजे तेव्हा ठिबकत नव्हतं असं होत नाही. पण भाकरी थापणाऱ्या तिच्या हाताकडं बघून त्या म्हणाल्या, जाऊ.

इथवर आलं की मला पुढं "सिंधु" लिहिता येत नाही, कारण पुढचं आपल्या दोघींचं आहे. आता अडव हवं तर.

गाडी मी काढणार होते, दशम्या तू बांधणार होतीस. तू म्हणालीस, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघालं, तेव्हा माझा गुडघा धरला होता. मग हरभरा आला, मग मुलीची परीक्षा, मग ऊन फार म्हणून मी नको म्हणाले, मग पाऊस फार म्हणून तू. मन्मथला मी सांगून ठेवलं होतं; इंजिन धुवू नकोस, पुसू नकोस, आम्ही येईपर्यंत आहे तसं राहू दे. तो बिचारा अजून त्याला हात लावत नाही. परवा त्याचा पुन्हा फोन आला होता. कधी येताय विचारत होता. मी म्हणाले, सिंधुला विचारून सांगते.